चार ते पाच

माझी ताई लोकांचे कान तपासते. डॉक्टर नाही ती. डॉक्टर पहिल्या मजल्यावर बसतात, ताई हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून. तिथे काचेची खिडकी असलेली एक बंद खोली आहे. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन लावून. ताई बाहेर मशीनपाशी बसते आणि एकेक आवाज सोडते, आधी मोठा, मग लहान, मग त्याहून लहान. पेशंटने ऐकू आलं की बोट वर करायचं. ताई कागदावर खूण करते. एकवीस वर्षं ती हेच करते आहे.

"आवाज आला की बोट वर करा. अगदी बारीक आला तरी करा. घाई नाही." हे ती दिवसातून तीस वेळा म्हणते. भाऊजी गेल्यापासून याहून लांबलचक बोलणं मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

भाऊजी चार वर्षांपूर्वी गेले. सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी खाली बसले, ते उठलेच नाहीत. ताईने मला फोन करून एवढंच सांगितलं, "ये." मी पोचले तेव्हा घरात डॉक्टर होते, शेजारी होते, आणि ताई बेसिनवरच्या आरशाला उडालेला साबणाचा फेस ओल्या फडक्याने पुसत होती. आठव्या दिवशी ती कामावर गेली. रडली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. आमच्या आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला रडव गं कशीतरी. हे असं आत राहिलं तर माणूस आतून सडतो." आत्या कायम असलंच बोलते, पण या वेळी मला ते पटलं. लहानपणी ताईचं बोट एकदा दारात सापडलं होतं, तेव्हा ती तोंडाचा आ करून अशी रडली होती की समोरच्या बिल्डिंगमधले लोक खाली उतरले होते. तीच ही बाई.

म्हणून मी एक बॅग घेऊन तिच्याकडे राहायला आले. एकदा रडून मोकळी झाली की परत आपल्या खोलीवर जायचं, असा माझा हिशेब होता. महिना धरला होता. सहाव्या महिन्यात मी माझी खोली सोडून दिली. मी कुरियरच्या ऑफिसात पार्सलांच्या नोंदी करते, सहाला घरी येते. ताई पावणेचारला येते. दोघी जेवतो, झोपतो. मी विचारते, "कसा गेला दिवस?" ती म्हणते, "गेला." सुरुवातीला या एका शब्दावरून मला रडू यायचं. नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर नंतर नंतर मीही तिच्यासारखीच झाले. सकाळी उठायचं, डबा भरायचा, दार ओढून घ्यायचं.

घर भाड्याचं. तीन मजली इमारत, मालकीणबाई दुसरीकडे राहायच्या. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू आणि पोस्टात काम करणारे एक गृहस्थ, मधल्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर वरचे काका. त्यांचं नाव मी तोफखाना ठेवलं होतं.

ते दोन वर्षांपूर्वी एकटेच राहायला आले. बायको वारलेली, मुलगी दूर दुसऱ्या शहरात. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट. आणि आवाज! दार लावायचे ते आपटूनच. खुर्ची ओढली की आमच्या पंख्याचं पातं हलायचं. पातेलं पडलं की नुसतं पडायचं नाही, गोल गोल फिरत बसायचं आणि ते उचलायचं त्यांच्या जिवावर यायचं. नळ सुरू ठेवून बाहेर जायचे, टाकी रिकामी. चारला टीव्ही लागायचा तो रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. पाचला मुलीचा फोन. फोनवर हे दहा-बारा मिनिटं एकटेच बोलायचे, मधे श्वास घ्यायला थांबायचे नाहीत: आज काय जेवलो, कुणाला भेटलो, गुडघा बरा आहे, बरं ठेवतो. त्या बिचारीला हूं म्हणायलाही फट नाही. कसला हा बाप, असं मला वाटायचं.

सांगायला गेलं की माणूस दारच उघडायचा नाही. मी सात वेळा गेले, मोजून. तीनदा दार उघडलं. मी म्हणायची, "काका, टीव्ही जरा हळू कराल का?" ते हसून मान डोलवायचे, "हो हो, अगदी अगदी," आणि दार धाडकन लावून घ्यायचे. टीव्ही तसाच. जिन्यात काकूंनी हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "माज आहे हो, दुसरं काही नाही." आमचं सगळ्यांचं यावर एकमत होतं. एखाद्याला नावं ठेवण्यावर एकमत व्हायला आमच्या घरात कधी वेळ लागला नाही.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही.

माझा संताप स्वतःसाठी नव्हता, हे मी शपथेवर सांगते. मी तर सहाला यायची, तोवर बहुतेक तमाशा आटपलेला असायचा. मला काळजी ताईची होती. दिवसभर कान लावून बसणारी बाई पावणेचारला दमून घरी येते, तिला दोन तास डोळा लागायला नको? सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की बघायची ना. वर टीव्ही गरजतोय आणि ही पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे. मी विचारलं, "त्रास होतो ना तुला?" ती म्हणाली, "होतो की." तेवढं मला पुरे होतं.

मी तिला एक वही आणून दिली. "मी नसते तेव्हा काय काय होतं ते वेळेसकट लिही. मालकीणबाईंना पुरावा लागेल." ताईने लिहिलं. तिचं अक्षर छापल्यासारखं. चार वाजता टीव्ही, पाच वाजता फोन, पाच वीसला भांडी, पुढे अंदाजे किती डेसिबल तेही. महिनाभराची वही झाली तेव्हा मी अर्ज लिहिला. चांगला खरमरीत लिहिला, 'मानसिक शांतता' हा शब्द तीनदा घातला. काकूंनी सही केली, पोस्टातल्यांनी केली, मी केली. ताईपुढे कागद ठेवला तर तिने न वाचताच विचारलं, "कुठे करू?" मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

मालकीणबाई आल्या, वही चाळली, आणि वरच्या काकांना लेखी कळवून गेल्या की महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी आपल्या हातून काहीतरी झालं असं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात वरचे काका. हातात ते पत्र, घडी घालून घालून मऊ झालेलं. ते मोठ्याने म्हणाले, "माझा आवाज होतो?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "होतो म्हणजे? सात वेळा वर आले मी! दार तरी उघडता का तुम्ही?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, हसले आणि मान डोलवली. "हो हो. अगदी. पण एकदा येऊन सांगायचं होतंत हो. मी कमी केला असता."

मी पुढे काय बोलणार होते देव जाणे. तेवढ्यात ताई आतून आली. मला खांद्याला धरून तिने बाजूला केलं. काकांना हाताला धरून दारातून आत घेतलं, खिडकीच्या उजेडात आणलं, आणि त्यांच्या बरोबर समोर उभी राहिली. मग त्यांच्या दंडाला हात लावून, आवाज अजिबात न चढवता, ओठ नीट हलवत ती म्हणाली, "काका, कुठल्या कानाने जास्त येतं? डाव्या?"

काकांचं हसू तसंच राहिलं, पण बाकीचा चेहरा उतरला. त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "यानेही थोडंच," ते म्हणाले. मग घाईघाईने, "मुलीला कळू देऊ नका. कळलं तर ती मला इथे राहू देणार नाही. तिच्याकडे दोन खोल्यांत आधीच पाच माणसं आहेत."

चौतीस वर्षं ते बॉयलरच्या कारखान्यात लोखंडी पत्रे ठोकत होते. कान त्या पत्र्यांनी खाल्ले. ऐकू येत नाही हे फोनवर कळू नये म्हणून ते पोरीला बोलायलाच देत नव्हते.

ते वर गेल्यावर मी ताईला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. जिन्यात मी मागून हाक मारली, वळले नाहीत. पुढे गेले तर ओठ वाचत होते."

"दोन वर्षं? आणि तू बोलली नाहीस? अर्जावर सही केलीस?"

"कुणी विचारलं नाही," ताई म्हणाली आणि डाळ धुवायला घेतली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या कुणाला कळलं नाही तर समजू शकते, हिचा धंदाच तो. एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि ही गप्प? त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आत्याचं म्हणणं खरं ठरलं, हिच्या आतलं माणूस गेलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, याची मला अजून शंका आहे.

तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "गुरुवारी काकांना घेऊन ये. दहाचा नंबर लावलाय."

एकवीस वर्षांत मी ताईला काम करताना पाहिलं नव्हतं. गुरुवारी पाहिलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून परीक्षेला बसल्यासारखे काचेच्या खोलीत बसले. ताईने हेडफोन लावले, आपलं ते वाक्य म्हटलं आणि बाहेर येऊन मशीनपाशी बसली. मी तिच्या मागे स्टुलावर. काकांचं बोट वर जाऊ लागलं. एकदा, दोनदा, तीनदा, अगदी नियमाने. मी कुजबुजले, "अगं, येतंय की त्यांना!"

"माझ्या कोपराकडे बघून करतायत," ताई म्हणाली. तिने हात बटणावर ठेवला आणि कोपर नुसतंच हलवलं. आवाज सोडलाच नाही. काकांचं बोट वर गेलं. पुन्हा हलवलं, पुन्हा बोट वर.

असे पेशंट आले की कागदावर 'भरवसा नाही' अशी खूण करून परत पाठवतात, हे मला नंतर कळलं. ताई उठली. आत जाऊन तिने त्यांचे हेडफोन काढले, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, इथे कुणी नापास होत नाही. नाही आलं तर नाही आलं." मग बाहेर येऊन तिने स्वतःचा पांढरा कोट काढला आणि मशीन, बटण, हात, सगळं त्याखाली झाकून घेतलं. या वेळी काकांनी डोळे मिटले. ताई आवाज वाढवत गेली. एक आवाज तर एवढा मोठा होता की काचेबाहेर मला ऐकू आला. काका डोळे मिटून, बोट गुडघ्यावर तयार ठेवून, तो यायची वाट बघत बसले होते.

त्या कागदाने काम केलं. ताई स्वतः मालकीणबाईंकडे गेली. तिथे काय बोलली माहीत नाही, पण मालकीणबाई मला फोनवर म्हणाल्या, "तुमची बहीण काल माझ्याकडे अर्धा तास बोलली." मला खरं वाटेना. काकूंनी अर्ज मागे घ्यायच्या कागदावर सही केली, "एक काय, दोन करते," म्हणाल्या. हॉस्पिटलच्या योजनेतून तीन आठवड्यांनी ऐकायचं मशीन आलं, वालाच्या दाण्याएवढं, दोन्ही कानांना. ताईनेच बसवलं. हॉस्पिटलातून निघताना काका दर चार पावलांनी थांबत होते. "माझ्या चपला एवढ्या वाजतात?" ते मला विचारत होते. घरी आल्यावर ते प्रत्येक दारात जाऊन हळू आवाजात माफी मागून आले. मला तेव्हा कुठे तोंड लपवावं ते कळेना.

मग घर शांत झालं. दार हळूच लागायचं. टीव्ही लागतो की नाही कळायचं नाही. पाचला फोन यायचा आणि वर बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही, कारण आता ते ऐकत असायचे. मला वाटलं, चला, ताईला आता तरी दुपारची झोप मिळेल.

झालं उलटंच. ताईचं डोकं दुखायला लागलं. जेवण तुटलं. कधी कधी पावणेचारऐवजी ती सहाला, माझ्यासोबतच घरी यायला लागली. "काम होतं," म्हणायची. एकदा काकू मला जिन्यात म्हणाल्या, "तुझ्या ताईला सांग गं, दुपारी तासभर नळ सोडून ठेवते, खाली पाणी येत नाही." मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "विसरले." विसरणाऱ्यांतली ती नाही. मी आपली चडफडले आणि विषय सोडून दिला.

साधारण पंधरा दिवसांनी, एका बुधवारी आमच्या ऑफिसचा सर्व्हर बंद पडला आणि आम्हाला तीनलाच सोडलं. मी सव्वाचारला गल्लीच्या तोंडाशी आले तर टीव्ही ऐकू आला. तोच, पूर्वीसारखा, रस्ताभर. मी तिथल्या तिथे पेटले. मशीन मिळालं, खोल्या वाचल्या, आणि आता पुन्हा पहिले पाढे? मी जिना चढले, आमच्या दारापाशी थांबलेही नाही, तडक वर गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका खुर्चीवर पेपर वाचत बसले होते, टीव्हीकडे पाठ करून. टीव्हीवर कुठल्या तरी गादीची जाहिरात ओरडत होती. समोर टेबलावर त्यांचं मशीन त्याच्या डबीत, झाकण लावून ठेवलेलं.

"काका!" मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "हे काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. डबीला हात लावला नाही. बोट खाली, जमिनीकडे केलं.

"पाच वाजेपर्यंत," ते म्हणाले. जमेल तितकं हळू बोलायचा प्रयत्न करत होते. "मशीन लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं मला. रोज यावेळी. माझा टीव्ही बंद झाला तर तिची पंचाईत झाली. नळ सोडून बसायची गं, त्याने काय होतंय. मग मी म्हटलं, आपण आपला पूर्वीसारखाच लावावा. आणि हे काढून ठेवतो. ऐकणं बरं नाही ना दुसऱ्याचं."

मला काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी म्हणाले, "काय रोज यावेळी?"

त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

खालून ताईचं रडणं येत होतं. तोंडाचा आ करून, बोट दारात सापडलं तेव्हाचं, तेच. त्यात मधेच एकदा भाऊजींचं नाव आलं.

काकांनी आवाज पुन्हा चढवला. सगळं मिळून चार-पाच सेकंद झाले असतील. मग त्यांनी पेपर उघडला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी खाली उतरले. आमच्या दाराची किल्ली माझ्या हातात होती. ती मी पर्समध्ये परत टाकली आणि दोन पायऱ्या वर जाऊन जिन्यात बसले. चार वर्षं मी ती रडायची वाट बघत तिच्याजवळ राहिले होते. मी घरी नसले की तिला रडता यायचं. वर बहिरा माणूस आणि मोठा टीव्ही, याहून चांगला शेजार तिला मिळाला नसता, आणि तो मी अर्ज लिहून घालवायला निघाले होते. तिने कुठे सही करू म्हणून विचारलं होतं आणि मी बोट ठेवलं होतं. आणि मग तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या कानांत मशीन बसवलं होतं.

पाचला टीव्ही बंद झाला. वर फोन वाजला. आमच्या घरातून नळाचा आवाज आला, तोंड धुतल्याचा. मी आणखी दहा मिनिटं बसले, मग किल्ल्या मुद्दाम खळखळा वाजवत दार उघडलं.

ताई डाळ धूत होती. "लवकर आलीस?"

"सर्व्हर बंद पडला. कसा गेला दिवस?"

"गेला."

मी चपला काढल्या. "वरचा टीव्ही पुन्हा मोठा व्हायला लागलाय का गं? खालपर्यंत येत होता. सांगून येऊ का?"

ताईचे हात पाण्यात थांबले. "नको," ती म्हणाली. "असू दे. म्हातारे आहेत."

"बरं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगून माझी वेळ बदलून घेतली. आता मी सातला घरी येते.